दोन पडद्यांमधला स्वर

गेल्या नाताळच्या आठवड्यात नाशिकमधील एका धर्मग्रामाच्या सभागृहात भक्तिगीतांचा कार्यक्रम होता. गायनवृंदाची गीते आटोपली आणि आभारप्रदर्शनापूर्वीची पाच-सात मिनिटे वीस-एकवीस वर्षांच्या एका तरुणाला देण्यात आली. त्याने खुर्ची पुढे ओढली, गिटार मांडीवर घेतली आणि एकही शब्द न बोलता वाजवायला सुरुवात केली. आरंभी नखांनी तारांवर सपासप फटकारे, मध्येच लाकडावर बोटाची थाप. मग पिक हाती घेऊन आगगाडीच्या चाकांसारखा चालणारा ठेका आणि त्यावरून धावणारी सुरावट. शेवटी लय उतरली आणि एकेक स्वर ताणत, वाकवत तो थांबला. टाळ्या पडल्या. आमच्या शेजारी बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांच्या शब्दाला त्या धर्मग्रामात वजन आहे, आमच्याकडे वळून म्हणाले, “वाजवलं छान हो पोरानं. पण गाणं कोणतं होतं?” मागच्या रांगेतून कोणीतरी त्यांना परस्पर उत्तर दिले, “काका, ते आपलं नव्हे. ते तिकडचं.”

दोन्ही वाक्ये त्या तरुणाच्या कानी गेली असावीत. तो गिटार पिशवीत घालीत होता. आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून निघालो खरे, पण घरी पोहोचेपर्यंत मनाला रुखरुख लागून राहिली. पाठीवर थाप मारणे हा त्या दोन वाक्यांचा प्रतिवाद नव्हता. शब्दांवाचून संगीताला अर्थ असतो काय, आणि स्पेन, फ्रान्स व अमेरिका यांच्या तीन चाली एका तारेवर ओवणाऱ्या या वादनाशी आमचा, म्हणजे गोदाकाठच्या मराठी कॅथॉलिक माणसाचा, काही संबंध पोहोचतो काय, हे ते दोन प्रश्न. त्यांचा विचार येथे सवडीने करावा असे योजिले आहे.

प्रथम आपल्या घरातील गिटारीविषयी. ती आपल्याकडे आहे आणि भरपूर आहे. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेस जाणाऱ्यांना ती मंडपामंडपांत दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत होऊ लागली, तेव्हा पेटी-तबल्याबरोबर तीही वेदीच्या बाजूला येऊन उभी राहिली. परंतु तिची योग्यता आपण ठरवून टाकली: गाणाऱ्यांना सूर द्यावा, चार कॉर्ड धराव्यात, कडवे संपले की गप्प बसावे. एकीकडे उपासनेच्या भारतीयीकरणाचा आग्रह धरणारे तिला परकी म्हणतात, तर दुसरीकडे तिच्यावर प्रेम करणारे तिला केवळ टेकू म्हणून वापरतात. हिंदी चित्रपटाने तर तिची आणखीच दुर्दशा केली. पडद्यावर गिटार वाजू लागली की पुढच्या क्षणी दारूचा पेला किंवा आखूड झग्यातली ‘मेरी’ येणार, हे प्रेक्षकांना पाठ झाले. त्या वाद्यवृंदांची स्वरलिपी रात्र-रात्र बसून लिहिणाऱ्या कितीतरी गोवेकर वादकांची नावे मात्र श्रेयनामावलीत आलीच नाहीत. असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता त्या तरुणाने वाजविलेल्या तीन चालींकडे वळू.

पहिली फ्लामेंकोची. दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रांतात ही कला घडली आणि ती घडविण्यात तेथील हितानो, म्हणजे रोमा लोकांचा वाटा मोठा आहे. जिप्सी हे नाव त्यांना इतरांनी, ते इजिप्तहून आले या गैरसमजातून दिलेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस भाषाशास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की या लोकांची भाषा मूळची भारतीय आहे. रोमानी भाषेत पाणी म्हणजे ‘पानी’, कान म्हणजे ‘कान’, नाक म्हणजे ‘नाख’ आणि माणूस म्हणजे ‘मनुश’. स्पेनमधले रोमा स्वतःला ‘काले’ म्हणवितात. हा शब्द कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी हे लोक उत्तर भारतातून निघाले आणि इराण, आर्मेनिया, बायझंटाईन प्रदेश ओलांडून पंधराव्या शतकात स्पेनपर्यंत पोहोचले.

येथे थोडे सावध व्हावयास हवे. ‘फ्लामेंको म्हणजे आपलेच कथक’ असे छातीठोकपणे सांगणारे व्याख्याते आम्ही ऐकले आहेत. भाषेचा पुरावा पक्का आहे, पण संगीताच्या बाबतीत तसा पुरावा नाही. आंदालुसियात अरबांचे गायन होते, ज्यूंची प्रार्थनागीते होती, चर्चमधील जुने स्वरप्रकार होते आणि शेतकऱ्यांची लोकगीते होती. त्या सर्वांच्या मुशीतून ही कला निघाली. साम्य दाखविता येते, वारसाहक्क सांगता येत नाही. तरी साम्य आहे ते मोठे मनोहर आहे. फ्लामेंकोमध्ये एक उतरण पुन्हा पुन्हा येते. आपल्या भाषेत सांगायचे तर मध्यम, कोमल गंधार, कोमल ऋषभ आणि षड्ज अशा चार पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक कॉर्ड. कानाला भैरवीचा भास होतो. मात्र षड्जावर पाय टेकताच त्या कॉर्डमध्ये गंधार शुद्ध होऊन उभा राहतो आणि जे दुःख मैफल संपविण्याच्या बेतात होते ते ताठ मानेने उभे राहते. त्याच्या सोलेआ, बुलेरिआ यांसारख्या प्रकारांत बारा मात्रांचे आवर्तन असते. पण आपल्या एकतालासारखी त्याची समसमान विभागणी नसते. आघात तीन, सहा, आठ, दहा आणि बारा या मात्रांवर येतात, म्हणजे आधी लांब टांगा आणि मग आखूड. सपाट रस्त्यावर चालायची सवय असलेला माणूस येथे ठेचकाळतो.

हे संगीत सुखात जन्मले नाही. स्पेनच्या ज्या राजदांपत्याला इतिहास ‘कॅथॉलिक’ हे बिरुद लावतो, त्यांनीच १४९९ मध्ये रोमांना हुकूम काढला की स्थायिक व्हा, नाहीतर देश सोडा. १७४९ मध्ये एकाच मोहिमेत हजारो रोमांना पकडून डांबण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांच्यातील लाखोंचा संहार केला. पोप फ्रान्सिस यांनी २ जून २०१९ रोजी रुमानियातील ब्लाज येथे रोमा समाजासमोर उभे राहून चर्चच्या वतीने क्षमा मागितली. ज्यांची क्षमा मागावी लागली, त्यांचे वादन ऐकताना ‘ते तिकडचं’ हे उद्गार आपल्या तोंडी शोभत नाहीत, एवढे तरी म्हणण्याचा आम्हाला अधिकार असावा.

दुसरी चाल जँगो राइनहार्टची. १९१० साली बेल्जियममध्ये एका रोमा तांड्यात जन्मलेला हा माणूस पॅरिसच्या वेशीवरील वस्तीत वाढला. त्याच्या नावाचा रोमानी भाषेतला अर्थ ‘मी जागा होतो’ असा सांगतात. आपल्या ‘जाग’ या शब्दाचे ते दूरचे भावंड. अठरा वर्षांचा असताना राहत्या गाडीला आग लागली आणि त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे कायमची आखडली. गिटारवादकाचा डावा हात म्हणजे गायकाचा गळा. जँगोने उरलेल्या दोन बोटांसाठी वादनाची नवी रीत घडविली. १९३४ साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह त्याने जो पंचक-वृंद स्थापला, त्यात केवळ तारांची वाद्ये होती. ढोल-ताशा काही नाही. मग लय कशी चालायची? साथीचे गिटारवादक तारांवर असा कोरडा, आखूड झटका देत की गिटारच तालवाद्य होऊन जाई. आपल्या तरुणाने मध्यभागी चालविलेला आगगाडीचा ठेका तो हाच.

जँगोविषयी एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगितली पाहिजे. दक्षिण फ्रान्समधील सेंत-मारी-द-ला-मेर या समुद्रकाठच्या गावी दर वर्षी मे महिन्यात देशोदेशींचे रोमा यात्रेस जमतात आणि कृष्णवर्णी संत साराची मूर्ती खांद्यावर घेऊन समुद्रात नेतात. आपल्या या भाईबंदांसाठी एक मिस्सा रचावी, अशी जँगोची इच्छा होती. त्याला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. मिस्सा पुरी झाली नाही. तिचा ऑर्गनवर वाजविलेला लहानसा भाग तेवढा मागे राहिला. १९५३ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. मद्यगृहात वाजविणाऱ्या या माणसाच्या मनात वेदीसाठी काय वाजत असेल, हा विचार आम्हाला मधूनमधून अस्वस्थ करतो.

तिसरी चाल ब्लूजची. अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांत राबलेल्या आफ्रिकी गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती घडविली. तिचा साचा अगदी साधा: बारा मापांचे आवर्तन, तीन कॉर्ड. सगळी गंमत आहे ती गंधारात. ब्लूजचा गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. तो दोहोंच्या मध्ये कोठेतरी दुखतो. श्रुतींचा संस्कार झालेल्या आपल्या कानाला हे चटकन उमगते. पण गिटारीला पडदे असतात आणि पडद्यांनी स्वर कायमचे ठरवून दिलेले असतात, कोमल येथे आणि शुद्ध तेथे. दोन पडद्यांमधला स्वर हवा असेल तर वादकाला तार बोटाने बाजूला ओढावी लागते, सतारिया मींड घेताना ओढतो तशी. नाहीतर बाटलीची मान किंवा धातूची नळी तारेवरून सरकवावी लागते, आपला विचित्रवीणावादक काचेचा गोळा सरकवितो तशी. विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन वादक राय कूडर यांनी १९९२ साली ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा या दोन रीती एकमेकींसमोर बसल्या आणि त्यांना दुभाष्याची गरज लागली नाही. ते ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे, संत अंथनी सेमिनरीच्या चॅपेलमध्ये झाले होते. गिटार चर्चमध्ये शब्दांवाचून काय करील, असे विचारणाऱ्यांनी ते एकदा ऐकावे.

ब्लूजला ‘तिकडचे’ म्हणणाऱ्या नाशिककराला आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. आपले शरणपूर! गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडविलेली आफ्रिकी मुले एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने येथे आणून वाढविली, शिकविली. त्यांतील काही पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेत गेले. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत याच शरणपूरचा जेकब वेनराइट होता. इंग्रजी ग्रंथांत ही मुले ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखली जातात. जहाजे पकडली गेली नसती तर त्यांच्या वाट्याला कोणता मळा आला असता, ते देव जाणे. त्यांनी शरणपूरच्या मुक्कामात कोणती गाणी म्हटली, ती आपण कोणी टिपून ठेवली नाहीत.

म्हणजे तीनही चाली बेघर केलेल्यांच्या. त्यांचे एकमेकींशी जमावे यात नवल नाही. परंतु जमणे वेगळे आणि जमविणे वेगळे. अलीकडे उपाहारगृहांत, विमानतळांवर, लग्नाच्या स्वागतसमारंभांत अशी मिश्र गिटार सतत वाजत असते. दोन चमचे फ्लामेंको, एक चमचा ब्लूज. कानाला ती टोचत नाही आणि स्मरणातही राहत नाही. तिच्यातला प्रत्येक वाटा मूळ दुःखातून धुऊन, वाळवून घेतलेला असतो. याच्या दुसऱ्या टोकाला निष्णातांची जुगलबंदी. ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत पाको द लुसिया, जॉन मॅक्लॉफलिन आणि अल दी मेओला या तिघांनी जी मैफल केली, तिचे ध्वनिमुद्रण जगभर गाजले. त्यातील हातांची तयारी पाहून थक्क व्हायला होते. पण आमचे मत स्पष्टच सांगायचे तर त्यात ऐकण्यापेक्षा धावण्याला अधिक जागा आहे, आणि श्रोत्यांच्या आरोळ्या वादकांना अधिकच पळवितात. हेच मॅक्लॉफलिन त्याआधी काही वर्षे ‘शक्ती’ वृंदात एल. शंकर, विनायकराम आणि आपल्या माहीमचे झाकीर हुसेन यांच्यासमवेत बसले होते, तेव्हा त्यांनी मुद्दाम अशी गिटार घडवून घेतली की तिच्या पडद्यांमधले लाकूड खोल कोरलेले होते. तार खोलवर दाबावी आणि मधला स्वर मिळवावा, यासाठी. दुसऱ्याचे बोलणे समजावे म्हणून आपले वाद्य कोरून घेणे, याला आम्ही मिश्रण म्हणत नाही, आदर म्हणतो.

तरीही मॅक्लॉफलिन बाहेरून आले होते. आमच्या तरुणाला जो दाखला हवा तो आतला हवा, आणि तो आहे. दुर्दैवाने आपणच तो विसरलो आहोत.

अमान्सियो डिसिल्व्हा १९३६ साली मुंबईत एका गोवेकर कुटुंबात जन्मले. ते गिटारवादक झाले आणि त्या काळच्या अनेक गोवेकर वादकांप्रमाणे हॉटेलांतून, क्लबांतून जॅझ वाजवीत देशभर फिरले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांना एक गिब्सन गिटार घेऊन दिली असे सांगतात. (आमच्या गायनवृंदांत ‘गिवसन’ असते. एका अक्षराचा फरक, पण किमतीत आणि नादात जमीन-अस्मानाचा!) १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते आपल्या आयरिश पत्नीसह परदेशी गेले आणि लंडनला स्थिरावले. तेथे निर्माते डेनिस प्रेस्टन यांनी त्यांना हेरले. १९६९ साली ‘इंटिग्रेशन’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच वर्षी ‘हम दोनो’ झाली, सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या जोडीने.

ही जोडी कशी होती ते पाहा. हॅरियट जमैकाचे. लहानपणीच अनाथाश्रमात आलेले. किंग्स्टनमधील ज्या अल्फा शाळेत ते वाढले ती ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या संघाच्या कॅथॉलिक धर्मभगिनी चालवीत, आणि तेथेच त्यांच्या हाती वाद्य आले. एक गोव्याच्या रक्ताचा मुंबईकर, दुसरा कॅरिबियन बेटावरचा पोरका कृष्णवर्णी. दोघेही लंडनमध्ये परके, दोघांच्याही कानांवर बालपणी मिस्सेची गीते पडलेली. या दोघांनी एकत्र केलेल्या ध्वनिमुद्रिकेला नाव काय द्यावे, तर देव आनंदच्या १९६१च्या बोलपटाचे, आणि तेही हिंदीत. लंडनमधल्या खरेदीदाराला त्या शब्दांचा अर्थ विचारावा लागला असेल.

‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’ या दोन्ही मुद्रिकांत सतार नाही आणि तबलाही नाही. आमच्या विवेचनाचा सारा भर येथे आहे. काळ कोणता होता ते ध्यानात घ्यावे. १९६६-६७ पासून पश्चिमेत सतारीचे वेड शिगेला पोहोचले होते. भारतीय म्हणून ओळख पटवायची तर चार मात्रा तबला आणि पाठीमागे सतारीची झणझण एवढे पुरे होते. खुद्द हॅरियट यांनीही कोलकात्याचे जॉन मेयर यांच्यासह ‘इंडो-जॅझ सूट’ केले होते आणि त्यात मुंबईहून लंडनला गेलेले केशव साठे तबल्याला होते. डिसिल्व्हांनी १९६९ मध्ये हा सोपा मार्ग घेतला नाही. त्यांच्या साथीला ट्रम्पेट, सॅक्सोफोन, डबल बेस आणि ड्रम हे जॅझचे नेहमीचेच घर होते. ‘हम दोनो’त नॉर्मा विन्स्टन यांचा कंठही आहे, पण शब्दाविना, वाद्यासारखा. आणि गिटारीला सतारीचे सोंग आणलेले नाही. ती गोल, मृदू नादाची विजेची गिटारच राहते.

मग भारत कोठे आहे? तो वाक्यरचनेत आहे. जॅझचा वादक सहसा बदलत्या कॉर्डच्या पायऱ्यांवरून चढतो-उतरतो. डिसिल्व्हा कित्येकदा एकाच षड्जाभोवती रेंगाळतात, एक लहानसा स्वरसमूह घेऊन तो उलटून-पालटून पाहतात, बढत करणाऱ्या गवयासारखे. ‘जयपूर’ किंवा ‘गँजेस’ ही शीर्षके वाचून कोणी प्रवासवर्णनाची अपेक्षा केली तर त्याची निराशा होईल. तेथे गंगेचे पाणी खळाळत नाही. मात्र ‘बॅलड फॉर गोवा’ ही संथ रचना ऐकताना आम्हाला मांडो आठवतो. तिच्यात मांडोची चाल आहे असे आम्ही म्हणत नाही. निरोपाच्या गाण्यात गोवेकर माणूस दुःख करतो, पण पोशाखाची घडी मोडू देत नाही, तो संयम तिच्यात आहे. आणि हॅरियट यांचा सॅक्सोफोन त्या संयमाशेजारी येऊन ब्लूजचा तो अडलेला गंधार जेव्हा उच्चारतो, तेव्हा दोन बेघर माणसे एकमेकांना काही न विचारता एका बाकावर बसलेली दिसतात. शब्द असते तर त्यांना भाषा ठरवावी लागली असती. कोकणी की इंग्रजी?

या मुद्रिका निर्दोष आहेत असे नाही. ‘इंटिग्रेशन’मध्ये काही ठिकाणी तुतारी-सॅक्सोफोनवाले आपल्या सरावाच्या रस्त्याने निघून जातात आणि गिटार मागे राहते. शीर्षकात जे एकीकरण जाहीर केले आहे, ते तेथे केवळ रांगेत उभे राहणे ठरते. १९७२ साली ‘कॉस्मिक आय’ या वृंदाच्या नावाने डिसिल्व्हांनी ‘ड्रीम सीक्वेन्स’ केले, त्यात सतार आणि तबला दोन्ही आले. ते कर्णमधुर आहे, त्याचे चाहतेही पुष्कळ आहेत. आम्हाला मात्र वाटते की जेथे भारत डोळ्यांना दिसू लागला तेथे तो कानाला थोडा कमी झाला. त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेले ‘कोंकण डान्स’ तर प्रसिद्धच झाले नाही. ते २००६ साली बाहेर आले. डिसिल्व्हा १९९६ मध्येच लंडनमध्ये निवर्तले होते. हॅरियट त्यांच्याही कितीतरी आधी, १९७३ मध्ये, अवघे चव्वेचाळीस वर्षांचे असताना गेले. आपल्या समाजाच्या नियतकालिकांतून डिसिल्व्हांविषयी मराठीत काही लिहिलेले निदान आमच्या वाचनात आलेले नाही. आम्हीही इतकी वर्षे लिहिले नाही, ही कबुली येथे दिलेली बरी.

आता पुन्हा त्या तरुणाकडे. त्याचे कौतुक करून त्याला सोडून देणे हा त्याचा अपमान ठरेल, म्हणून त्याच्या वादनाविषयी आमचे मत येथे नोंदवितो. पहिला भाग तयारीचा होता, परंतु त्याचे बारा मात्रांचे आवर्तन दोनदा निसटले. उतरणीच्या शेवटचा शुद्ध गंधार त्याने एवढ्या घाईने सोडला की तो उभा राहायला वेळच मिळाला नाही. मधला भाग सर्वांत बिनचूक आणि सर्वांत उसना. त्यात जँगोची बोटे होती, याची नव्हती. सांधे तर स्पष्ट दिसत होते. एक चाल संपली, तो थांबला, पिक उचलले, दुसरी सुरू. तीन खोल्यांचे घर, पण खोल्यांना आतून दार नाही. तिसऱ्या भागात मात्र, अगदी शेवटी, त्याने एक तार ओढली आणि तो स्वर ब्लूजचा राहिला नाही. मार्च-एप्रिलात गुड फ्रायडेला आपल्या खेड्यांतील वृद्ध स्त्रिया दुःखसहनाची गीते म्हणताना कडव्याच्या शेवटी जो हेल काढतात, तो हेल होता. त्याने जाणून काढला की नकळत, ते त्यालाच ठाऊक. त्या सहा-सात मिनिटांत तेवढा एक स्वर कोणाकडून आणलेला नव्हता.

त्या स्वराला शब्द नव्हते, तेव्हा आमच्या शेजारच्या काकांना गाणे कोणते ते कळले नाही. पण त्यांनी ते ऐकले होते. कारण तेवढ्या वेळापुरती त्यांची खुर्चीच्या हातावर ठेका धरणारी बोटे थांबली होती. हे आम्ही पाहिले.

महिनाभराने त्या तरुणाची गाठ पडली तेव्हा ‘हम दोनो’ त्याला ऐकविली. पहिली दहा मिनिटे त्याने हाताची घडी सोडली नाही. ‘बॅलड फॉर गोवा’ संपल्यावर त्याने विचारले, “सर, हे वाजवणारे आपले होते?” आम्ही म्हटले, “मुंबईचे. गोवेकर. कॅथॉलिक.” तो म्हणाला, “तसं नाही विचारत.” आणि त्याने तीच रचना पुन्हा लावायला सांगितली.